गौरांगच्या बॉलवरची कडी

आधीच सांगून टाकतो. ही गोष्ट खरी आहे.

जबलपुरातल्या आमच्या कांचघर मोहल्ल्यात माझ्याबद्दल विचाराल तर लोक हसतील. मुरलीधर? तो तर चिलटाचा हत्ती करणारा माणूस, म्हणतील. यानेच सांगितलं होतं ना, की ग्वारीघाटाहून मगरीच्या पाठीवर बसून नर्मदा पार केली?

सांगितलं होतं. खोटं होतं. मगर नव्हती, लाकडाचा ओंडका होता. आणि त्यावर मी नव्हतो, माझा मेहुणा होता.

पण ही गोष्ट मी बनवली असती, तर चांगली बनवली असती. अमावास्या घातली असती. पांढरी साडी घातली असती. गेलाबाजार एखादं कुत्रं तरी रडवलं असतं.

हिच्यात तसलं काहीच नाही.

हिच्यात रात्रसुद्धा नाही.

तारीख सात ऑक्टोबर. मंगळवार. दुपारचे तीन. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. जागा, माझ्या घरामागची पत्र्याची खोली. लांबी दहा फूट, रुंदी आठ. खाली सिमेंट.

ही मापं लक्षात ठेवा.

मी तोफांच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं पॉलिशच्या खात्यात होतो. लोखंड, पितळ, जे येईल ते घोटायचं. रिटायर झाल्यावर माणसाचे हात शिवशिवतात. माझा भाचा अनुपम इथल्या एका मॉलमध्ये बॉलिंगचा हॉल सांभाळतो. बॉलिंग म्हणजे तेच, जड गोळा लाकडी पट्टीवरून घरंगळत सोडायचा आणि टोकाच्या दहा पिना पाडायच्या. गोळ्याला तीन भोकं असतात, बोटं घालायला. त्या पट्टीला हे लोक लेन म्हणतात. साठ फूट लांब असते.

खेळून खेळून बॉलवर ओरखडे पडतात. मग तो घासून नवा करावा लागतो. त्याचं मशीन आमच्या जबलपुरात कुठे? मीच बनवलं. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर, तीन रबरी चाकं, आणि भोवती बूड कापलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं, पाणी उडू नये म्हणून.

पातेलं यामिनीचं होतं. यामिनी माझी बायको. त्या पातेल्याचा विषय आमच्या घरात अजून संपलेला नाही.

घासायचे पॅड गोल असतात, भाकरीएवढे. मागे आकडा छापलेला. आकडा जितका लहान तितका पॅड खरखरीत. पाचशेचा पॅड कापतो. चार हजारचा नुसता गोंजारतो. मधे हजार आणि दोन हजार. कोणाला कोणता, हीच सगळी अक्कल. कारण लेनवर तेल लावलेलं असतं. बॉल गुळगुळीत असला तर त्या तेलावरून सरळ घसरत जातो, वळायचं नाव घेत नाही. खरखरीत असला तर पकडतो, आणि शेवटी वळून पिनांच्या पोटात घुसतो.

सोमवारी संध्याकाळी अनुपम एका मुलीला घेऊन आला.

"मामा, ही स्वानंदी. रेल्वेतल्या श्यामसुंदर अंकलची मुलगी."

"नमस्ते काका," ती म्हणाली. "मला मराठी सगळी समजते. बोलताना थोडी गडबड होते."

"माझी तर बोलताना पूर्णच गडबड होते," मी म्हणालो. "विचार याला."

ती हसली नाही. बावीस वर्षांची असेल. तिने पिशवीतून बॉल काढून माझ्यासमोर ठेवला. काळपट निळा, आत लाल ढगांसारखं काहीतरी.

"दादाचा आहे," ती म्हणाली.

दादा म्हणजे गौरांग. दोन वर्षांपूर्वी गेला. चार दिवसांचा ताप, बस. सव्वीस वर्षांचा होता. दोघं बहीणभाऊ अनुपमच्या हॉलमध्ये रोज खेळायचे. तो गेल्यावर तिने दोन वर्षं बॉलला हात लावला नाही. मग या नवरात्रात एक दिवस एकटीच आली, बूट चढवले आणि खेळायला लागली.

"आणि मामा, काय खेळून राहिली!" अनुपम म्हणाला. "रविवारी इंदूरला राज्याच्या टीमचं सिलेक्शन आहे. पक्की निवडली जाते. पण हिच्या बॉलला अंगठ्यापाशी तडा गेला. नवा यायला महिना लागेल."

म्हणून दादाचा बॉल. वजन तेच. दादा डावखुरा, ही उजव्या हाताची. तेव्हा अनुपमने इंदूरहून जुनी भोकं बुजवून तिच्या बोटांच्या मापाची नवी पाडून आणली होती. बुजवलेल्या भोकांच्या जागी तीन काळ्या टिकल्या दिसत होत्या, डोळे मिटल्यासारख्या.

"आता सगळं हिचं आहे," अनुपम म्हणाला. "फक्त वरची चामडी तेवढी दादाची. ती काढून द्या. आणि मामा, पाचशेच मारा. ही जोरात फेकते, पण मनगट फिरवत नाही. इंदूरच्या लेनवर तेल जास्त असते. पाचशेशिवाय बॉल वळणारच नाही."

"आणि दादा कसा फेकायचा?" मी सहज विचारलं.

"हळू," स्वानंदी म्हणाली. "एकदम हळू. मनगटाने असा फिरवायचा. सगळे हसायचे. म्हणायचे, अरे भैया, बॉल फेंक रहा है कि सुला रहा है?"

बॉलवर त्याची कडी होती. म्हणजे असं बघा, चप्पल कुठे झिजली ते पाहून माणूस कसा चालतो ते सांगता येतं. तसंच हे. प्रत्येकाचा बॉल रोज त्याच पट्ट्यावर घरंगळतो. तिथे ओरखड्यांचं एक कडं पडतं. उजव्या हाताच्या माणसाचं अंगठ्याच्या भोकाच्या डाव्या अंगाला. डावखुऱ्याचं उजव्या अंगाला.

"ही कडी जाईल हं," मी म्हणालो. "काढू ना नक्की?"

"हो." मग म्हणाली, "एक मिनट काका."

तिने एक बोट त्या कडीवर ठेवलं आणि सावकाश पूर्ण गोल फिरवलं.

"आता काढा," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. पोस्टात पाकीट द्यावं तसं.

मंगळवारी सकाळी बसलो. नवा कोरा पाचशेचा पॅड, पाण्याची पिचकारी, सहा बाजूंनी सहा वेळा. साडेअकराला कडी साफ. बॉल धुतला, पुसला, जुन्या धोतराची चुंबळ करून तिच्यावर ठेवला. खोलीला कुलूप घातलं.

जेवलो. ओसरीवर खुर्ची टाकून बसलो. यामिनी दिवाळीच्या साफसफाईला लागली होती, आत डबे घासत होती.

तीन वाजले...

आणि मागच्या खोलीतून आवाज आला.

आधी ठप्प. जड काहीतरी, अगदी अलगद टेकवल्यासारखं.

मग घर्रर्र...

घरंगळण्याचा आवाज. पण सिमेंटवरचा नाही. लाकडावरचा. चौतीस वर्षं मी आवाजावरून धातू ओळखत आलो. लाकूड मला कळतं.

आणि तो आवाज लांब गेला. लांब... अजून लांब...

खोली दहा फुटांची. आवाज साठ फूट गेला.

मग पिनांचा धडाका यायला हवा होता.

नाही आला.

काहीच नाही. आवाज जिथे संपायचा तिथे संपला, आणि पुढे नुसती दुपार.

"अहो!" आतून यामिनी ओरडली. "काहून एवढा आवाज करून राहिले? घटकाभर पडा ना जरा!"

"मी तर इथे बसून आहे," मी म्हणालो.

तिने दारातून डोकं काढून पाहिलं. मी खुर्चीत. कुलपाची किल्ली माझ्या जानव्याला.

ती पुन्हा डबे घासायला गेली. पण घासण्याचा आवाज काही आला नाही.

मी कुलूप उघडलं. बॉल चुंबळीवर जसाच्या तसा.

फक्त त्याच्यावर एक कडी होती.

ओली.

बोट लावलं. तेल. पातळ, बिनरंगाचं, जवळजवळ बिनवासाचं. माझ्या खोलीत ग्रीस आहे, मोहरीचं तेल आहे, मशीनचं काळं तेल आहे. असलं तेल नाही.

भीती वाटली का? नाही. तेच तर सांगतोय. काहीच वाटलं नाही. हिवाळ्यात पहाटे नर्मदेत उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत ना? तसं झालं, फक्त गळ्यापर्यंत.

मी कारण शोधलं. माणूस शोधतोच. जुना बॉल तेल पितो आणि उन्हात ते ओकतो, हे मला माहीत होतं. म्हटलं, पत्र्याखाली तापला असेल, सुटलं असेल तेल. ऊन पाण्याच्या बादलीत साबण घालून तासभर बुडवून ठेवला. पण मनात एक गोष्ट होतीच. घाम अंगभर येतो. कमरपट्ट्यासारखा येत नाही.

बुधवारी पुन्हा पाचशे. पुन्हा सहा बाजू. पुन्हा कुलूप.

तीन वाजता...

ठप्प. घर्रर्र... साठ फूट. मग काही नाही.

या खेपेला कडी तीन ठिकाणी तुटलेली. खरखरीत पृष्ठभागावर अडखळत, फरफटत गेल्यासारखी. वैतागलेल्या माणसाच्या सहीसारखी.

मी चष्मा लावून बसलो. आणि तेव्हा ते दिसलं.

कडी अंगठ्याच्या उजव्या अंगाला होती.

पण नव्या अंगठ्याच्या नाही. त्या बुजवलेल्या, काळ्या टिकलीच्या. दोन्ही दिवस. बोटभर अंतर सोडून, नेमकी.

म्हणजे ज्याने तो फेकला, त्याने ज्या भोकांत बोटं घातली, ती भोकं आता नव्हतीच.

आता इथे शहाणा माणूस काय करेल? बॉल उचलेल, अनुपमच्या दारात ठेवेल, आणि घरी येऊन सत्यनारायण घालेल.

मी तसं केलं नाही. का, ते सांगतो. मी पॉलिशवाला आहे.

आमच्या खात्यात चिंतामणी साहेब म्हणून इन्स्पेक्टर होते. फार कमी बोलायचे. जॉब, म्हणजे आम्ही घोटलेला तुकडा, हातात घ्यायचे, बोट फिरवायचे, आणि आवडला नाही तर परत सरकवायचे. कारण सांगायचे नाहीत. आपण विचारायचं नाही. आपण दुसरा हात मारायचा, घासायला दुसरा एमरीचा कागद घ्यायचा, आणि पुन्हा समोर ठेवायचा. आवडला की निळ्या पेन्सिलीने त्यावर गोल एक बारीक रेघ ओढायचे. अखंड. रेघ पडली की जॉब पास. तो जॉब पुढे कुठे जातो, कोणाच्या हातात जातो, कशाला लागतो, चौतीस वर्षांत मी विचारलं नाही. ते आमचं काम नव्हतं. आमचं काम म्हणजे ती रेघ.

बुधवारी तो बॉल हातात धरून मला एवढंच वाटलं...

जॉब परत आला आहे.

गुरुवारी मी पाचशेचा पॅड बाजूला ठेवला आणि दोन हजारचा घेतला.

सकाळभर घोटला. बॉल बांगडीसारखा चमकायला लागला. यामिनी दारात उभी राहिली. आत नाही आली.

"कोणासाठी करून राहिले हे?" तिने विचारलं.

"त्या पोरीसाठी."

"तिला तर पाचशे पाहिजे होता ना? अनुपम म्हणाला होता, मी होते तिथे."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला पातेलं कळतं," ती म्हणाली. "चार दिवस झाले, तुम्ही एक खोटी गोष्ट सांगितली नाही. मला काही हे ठीक वाटून नाही राहिलं."

तीन वाजता पुन्हा आवाज. या खेपेला सुळ्ळकन गेला, पाण्यावरून गेल्यासारखा. कडी पुसट, वाकडीतिकडी. घसरली होती.

जास्त गुळगुळीत झाला. म्हणजे पाचशे आणि दोन हजार यांच्या मधे कुठेतरी.

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? रिटायर झाल्यावर सात वर्षांनी मला कोणीतरी जॉब परत पाठवत होतं. कोणीतरी बोट फिरवून पाहत होतं.

शुक्रवारी हजारचा पॅड घेतला. नवा नाही. नवा हजार अंगाला लागतो. मी खोक्याच्या तळातून एक जुना काढला, वीसेक बॉल घासून मेलेला, मागचा आकडासुद्धा पुसट झालेला. त्याची धार गेली होती, पण दात थोडे शिल्लक होते. पाणी जास्त घेतलं. हात हलका ठेवला. शेवटची बाजू तर डोळे मिटून केली.

तीन वाजता मी आणि यामिनी दोघंही ओसरीवर होतो. ती भाजी निवडत नव्हती, मी पेपर वाचत नव्हतो. आम्ही नुसते बसलो होतो.

ठप्प...

घर्रर्रर्र...

काय सांगू तुम्हाला. हळू. इतका हळू आणि इतका एकसारखा. जसं कोणी झोपलेल्या मुलाचा पाळणा सोडून देतं आणि तो आपला आपण हलत राहतो. संपूर्ण साठ फूट. शेवटी वळण घेतानाचा तो बारीक फरकसुद्धा ऐकू आला.

आणि मग... नेहमीसारखंच, काही नाही.

मी आत गेलो. बॉलवर एक कडी होती. बारीक. अखंड. कुठे तुटलेली नाही, कुठे जाड नाही.

जॉब पास.

शनिवारी सकाळी स्वानंदी आली, दुपारच्या गाडीने इंदूरला जायचं होतं. मी ती कडी फडक्याने पुसली होती. तिने बॉलवर तळवा ठेवला आणि थबकली.

"काका, हा तर एकदम चिकना आहे."

"बरोबर आहे."

"पाचशे आहे हा?"

"पास झालेला आहे," मी म्हणालो.

"किसने पास किया?"

मी तिला एक गोष्ट सांगितली. फॅक्टरीतली, एका तोफेची, जिच्या चकचकीत नळीत बघून मी दाढी करायचो. ती नम्रपणे हसली, बॉल पिशवीत ठेवला, माझ्या आणि यामिनीच्या पाया पडली आणि गेली.

मला माहीत होतं. त्या क्षणी मला पूर्ण माहीत होतं की हा बॉल तिच्या हातात वळणार नाही. दहा मिनिटांचं काम होतं. बेटा थांब, म्हणायचं आणि पाचशेचा एक हात मारायचा.

मी गेट लावून घेतलं.

रविवारी संध्याकाळी अनुपमचा फोन आला.

"मामा, गेलं. अठरा पिनांनी राहिली. बॉल वळतच नव्हता. दर वेळी उजव्या कोपऱ्यातली एक पिन उभी. दर वेळी! मला तर बघवत नव्हतं. तुम्ही पाचशे मारला होता ना?"

"मारला होता," मी म्हणालो.

हे खोटं नाही. मंगळवारी मारला होता. बुधवारी पण मारला होता.

दिवाळी गेली. त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी दीडच्या सुमारास, गेट वाजलं. स्वानंदी. हातात तीच पिशवी.

मला वाटलं भांडायला आली. मी तयारच होतो. भांडली असती तर बरं झालं असतं.

तिने बॉल माझ्यासमोर ठेवला.

"काका, एक विचारू? तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"काय?"

"हे असं फिनिश. दादा बॉल कोणाला देत नव्हता. स्वतः घासायचा, रात्री गच्चीवर. एक सडा हुआ पॅड होता त्याच्याकडे, बिलकुल घिसलेला. मी म्हणायची, नवा घे ना. तो म्हणायचा, तुला नाही कळणार. कोणाला माहीत नव्हतं हे. अनुपम भैयाला पण नाही." ती थांबली. "इंदूरला पहिला बॉल सोडला आणि मला कळलं. हा दादाचाच आहे. तसाच जात होता. फक्त हात माझा होता."

यामिनी आतून पाणी घेऊन आली होती. ती तिथेच उभी राहिली.

"काका, तो इथे आला होता का?"

मी आयुष्यभर लोकांना गोष्टी सांगत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा, जे झालं तेवढंच सांगितलं. आवाज. साठ फूट. तेल. काळी टिकली. पाचशे, दोन हजार, मेलेला हजार. तिने एकदाही मला अडवलं नाही. एकदाही म्हटलं नाही की काका, काहीतरीच.

माझी गोष्ट इतक्या लवकर कोणी खरी मानली नव्हती. मला बरं वाटलं नाही.

"माझी चूक झाली बेटा," मी म्हणालो. "ज्याच्यासाठी करायचा होता त्याच्यासाठी केला नाही."

तिने ते ऐकलंच नाही.

"आता पाचशेने घासा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

मी म्हटलं, चला, पोरीला अक्कल आली. आता हिचा बॉल हिचा करून घेते आहे. जानेवारीत भोपाळला दुसरी स्पर्धा होती, अनुपमने सांगितलं होतं. मी कोरा पॅड काढला. सहा बाजू. ती एकटक बघत होती. मेलेल्या हजाराचा तो मऊपणा पाचशेखाली कापला जाताना दिसत होता, दुधाळ पाणी होऊन वाहत होता.

"झालं," मी म्हणालो. "आता तुझा."

"ठेवा इथेच," ती म्हणाली.

"का? घेऊन जा की. प्रॅक्टिस कर."

"साफ झाला ना? आता निशान आलं तर मला दिसेल."

आणि ती त्या पत्र्याच्या खोलीत, माझ्या स्टुलावर बसली. बॉल मांडीवर घेतला. घड्याळात पावणेतीन झाले होते.

ती काय करायला आली होती, ते मला तेव्हा कळलं.

आता माघ लागला आहे. तेरा मंगळवार झाले.

दर मंगळवारी अडीचला गेट वाजतं. ती येते, यामिनीला नमस्ते करते, खोलीत जाते, दार लोटून घेते. बॉल मांडीवर. साडेतीनपर्यंत.

खेळायला जात नाही. अनुपम दोनदा येऊन गेला. "मामा, तुम्ही तरी समजवा तिला. पुन्हा बंद केलं खेळणं. दो साल बाद तो आई थी. भोपाळचं पण नाव काढून घेतलं. काय झालं काहीच सांगत नाही." मी म्हणालो, बघतो. काय बघतो? दोन वर्षांनी ती स्वतःच्या पायाने त्यातून बाहेर आली होती. मी तिला परत आत नेऊन बसवलं. एका पॅडने.

बॉलवर कडी नाही. एकदाही नाही. दर मंगळवारी ती तो उन्हात धरून फिरवून फिरवून बघते. पाचशेचा एकसारखा, कोरा, मुका पृष्ठभाग.

पण जे तिला मी सांगितलेलं नाही, ते तुम्हाला सांगतो.

आवाज येतो.

दर मंगळवारी. तीन वाजता. आम्ही दोघं ओसरीवर असतो. ती आत, बॉल तिच्या मांडीवर. आणि त्या खोलीतून...

ठप्प.

घर्रर्र... हळू. पाळण्यासारखा. पूर्ण साठ फूट. तिच्या स्टुलावरून, तिच्या अंगावरून, कुठून जातो देव जाणे. यामिनी माझं मनगट धरते. तिची नखं रुततात, मला कळतंसुद्धा नाही.

मला आणि यामिनीला तो एवढा स्पष्ट ऐकू येतो, की मागच्या महिन्यात शेजारणीने भिंतीवरून विचारलं, मशीन चालू आहे का म्हणून.

स्वानंदीला येत नाही.

पहिल्या दोन-तीन वेळा मला वाटलं, येत असेल आणि बोलत नसेल. म्हणून एकदा दाराच्या फटीतून पाहिलं. आवाज चालू होता. माझ्या छातीत घुमत होता. आणि ती पोरगी मान किंचित तिरकी करून, श्वास धरून बसली होती. कान देऊन. जशी काही ऐकायची वाट बघत असावी.

तो आवाज तिच्या पायापासून हातभर अंतरावरून गेला.

ती वाट बघतच राहिली.

सांगावं का तिला? सांगितलं तर काय होईल? तो येतो, पण तुझ्यासाठी नाही, असं सांगू? की नाही येत म्हणून सांगू, म्हणजे ती उठून आपल्या लेनवर जाईल? यामिनी म्हणते, सांगून टाका. दुसऱ्या दिवशी म्हणते, खबरदार, सांगाल तर. लोकांना थापा मारण्यात माझं आयुष्य गेलं, आणि इथे मला एक धड थाप सुचत नाही.

साडेतीनला ती दार उघडून बाहेर येते. ऊन तिच्या तोंडावर पडतं. ती डोळे बारीक करते आणि आम्हा दोघांकडे बघते.

"काका, तुम्हाला काही?"

यामिनी पदराला हात पुसत असते. कोरडे हात. पुसतच राहते.

"नाही बेटा," मी म्हणतो. "काही नाही."

"अच्छा," ती म्हणते. "चलो, मग येते."

आणि जाते.

उद्या मंगळवार आहे.